शोकात वाचायला ई-रीडर: घ्यावा का, आणि घेतलाच तर आधी काय काय बंद करावं

ई-रीडरचे रिव्ह्यू ढीगभर पडलेत आणि सगळ्यांत तेच ते, स्क्रीन किती इंची, बॅटरी किती आठवडे, स्टोरेज किती. मी ज्या कामासाठी घेतला त्यावर मात्र कुणी अक्षरही लिहिलेलं सापडलं नाही म्हणून हा रिव्ह्यू. काम असं, की घरातलं माणूस गेलंय, डोकं एकाच जागी गरगरतंय, आणि दिवसातला थोडा वेळ तरी आपल्या आयुष्यातून उठून दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यात जाऊन बसायचंय. माझी ताई गेली. त्यानंतर जे काही वाचलंय ते जवळपास सगळं ई-पुस्तकं वाचायच्या या सहा इंची काळ्या-पांढऱ्या पाटीवर वाचलंय, त्यामुळे मत द्यायचा हक्क आहे असं समजते.

मत आधीच सांगून टाकते. यंत्र म्हणून याला तोड नाही. पण त्याला जोडलेलं जे दुकान असतं आणि त्या दुकानाचा जो शहाणपणा असतो, तुम्हाला हे आवडेल, तुम्ही इथवर आलात, आज वाचलं नाहीत वगैरे, तो सगळा बंद केल्याशिवाय हे शोकातल्या माणसाच्या हातात देऊ नका. याला तुमच्याबद्दल जितकं कमी माहीत तितकं हे चांगलं चालतं, माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी तपशील. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, एक तर तक्रारी पण करायच्यात आणि दुसरं म्हणजे कुठलाही घ्या, आतली स्क्रीन जवळपास सगळीकडे एकाच ठिकाणहून येते.

त्याआधी तो 'पळ काढण्याचा' मुद्दा मिटवते, कारण मला बऱ्याच जणांनी ऐकवलं की कादंबरीत तोंड खुपसून दुःख जात नसतं. जात नसतंच, ते जावं म्हणून वाचतंय कोण! शोकाचे पाच टप्पे म्हणून जे सगळीकडे कानावर पडतं ते एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या पुस्तकातलं, आणि ते त्यांनी मांडलं होतं मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवलं गेलं. तरी लोक विचारतात तू कुठल्या टप्प्यावर आहेस, जणू काही मी बसमध्ये बसलेय. मला त्यापेक्षा मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दोघांनी १९९९ मध्ये मांडलेलं मॉडेल पटतं. त्यांचं म्हणणं असं की माणूस दोन बाजूंच्या मध्ये ये-जा करत असतो, कधी गेलेल्या माणसाच्या आठवणीत पूर्ण बुडालेला, कधी बिलं भरणं, नवी कामं शिकणं, रोजचं रेटणं यात, आणि ही ये-जा चालू असणं हेच बरं असल्याचं लक्षण, एकाच बाजूला ठाण मांडून बसणं नाही. अधूनमधून शोकातून सुट्टी घेणं त्यांनी त्यातच धरलंय. म्हणजे कादंबरी वाचायला बसले की मी रजेवर असते, राजीनामा दिलेला नसतो. रजेवरून परत यावं लागतंच, ते कुणी सांगायची गरज नाही, पुस्तक मिटलं की पहिल्याच मिनिटाला आठवतं.

मग फोनवर का नाही वाचत? फोनमध्ये ताई आहे म्हणून. गॅलरी 'या दिवशी' म्हणत अचानक तिचा फोटो वर काढते, घरच्या ग्रुपमध्ये तिचा नंबर अजून आहे आणि तो काढायची कुणाची हिंमत नाही, शिवाय लोकांचे मेसेज. लोक मनापासूनच लिहितात, पण पान एकोणीसवर खुनी खिडकीतून उडी मारतोय आणि वरून पट्टी सरकत येते, 'आत्ताच कळलं गं, खूप वाईट वाटलं', की संपलं, तुम्ही परत तुमच्या खोलीत. ई-रीडरवर असं काही येऊच शकत नाही, वायफाय बंद केलं की ते यंत्र मठ्ठ होतं. त्याला कॉल येत नाही, कॅमेरा नाही, व्हिडिओ तर त्याला झेपतच नाही. एरवी याला कमतरता म्हणतात, माझ्यासाठी हेच मुख्य फीचर.

आणि कागदाचं पुस्तक? कागदवाल्यांनी चिडू नये, मी पण कागदवालीच. पण आमच्या घरातली अर्धी पुस्तकं तिची, पेन्सिलीच्या खुणा, मध्ये घातलेली पावती, समासात तिचं बारीक अक्षर. त्या कपाटाकडे जायचं तर रजा घेऊन नाही, कामावर हजर होऊन जावं लागतं. दुसरी गोष्ट रात्रीची. झोप लागत नाही तेव्हा दिवा लावायचा, मग शेजारी झोपलेला माणूस उठणार, मग तो विचारणार 'बरं वाटत नाहीये का', नकोच ते.

स्क्रीनबद्दल थोडं नीट लिहिते कारण सगळी गंमत तिथेच आहे. या स्क्रीनच्या आत केसाच्या जाडीइतक्या बारीक कॅप्सूल असतात, त्यात पातळ द्रवात पांढरे आणि काळे कण, दोघांवर एकमेकांच्या उलट विद्युतभार, खालून विजेचा दाब दिला की एका रंगाचे कण वर येतात आणि दुसरे तळाशी जातात. वर आले की तिथेच राहतात, त्यांना धरून ठेवायला वीज लागत नाही, वीज लागते ती फक्त पान बदलताना, म्हणून चार्जिंग आठवडे आठवडे पुरतं. हे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधून १९९७ मध्ये कंपनी काढून बाहेर आलं, २००४ मध्ये सोनीने जपानात त्यावरचा पहिला रीडर विकला, २००७ च्या नोव्हेंबरात अ‍ॅमेझॉनचं किंडल आलं आणि मग सगळ्यांना माहीत झालं. महत्त्वाचं म्हणजे ही स्क्रीन स्वतः प्रकाश फेकत नाही, कागदासारखी बाहेरच्या उजेडात दिसते, अंधारासाठी कडेला छोटे एलईडी असतात ते अक्षरांवर आडवा उजेड टाकतात. नव्या मॉडेलमध्ये तो उजेड पिवळट करता येतो, तो पर्याय असलेलाच घ्या. अगदी कमीवर ठेवला की शेजारच्याला पत्ताही लागत नाही.

'ई-रीडरने झोप उडते' असं कुणी सांगितलं तर त्यामागे बहुतेक २०१५ मध्ये छापून आलेला एक अमेरिकन अभ्यास असतो. त्यात १२ जण होते आणि त्यांच्या हातात दिला होता आयपॅड, तोही पूर्ण ब्राइटनेसवर, झोपेआधी चार तास. ते निष्कर्ष या असल्या मंद स्क्रीनला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तसंही शोकात झोप उडायला स्क्रीनची गरज पडत नाही.

एक दोष, पान बदललं तरी आधीच्या पानाची अक्षरं पुसट दिसत राहतात. याला घोस्टिंग म्हणतात आणि नाही, मी यावर कविता करणार नाहीये. सेटिंगमध्ये 'प्रत्येक पानाला पूर्ण रिफ्रेश' चालू करा, पान उलटताना स्क्रीन काळी होऊन लखलखते पण स्वच्छ होते.

आता खरी अडचण, वाचताच येत नाही. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला ओळ वाचायची आणि ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली, नावं लक्षात राहत नाहीत, एकच परिच्छेद परत परत. गोष्टीत हरवून जाण्याला मानसशास्त्रात 'ट्रान्सपोर्टेशन' म्हणतात, मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी २००० मध्ये ते मोजायची प्रश्नावली पण केलीये, त्यांच्या मते लक्ष, भावना आणि कल्पना तिन्ही एकाच वेळी गोष्टीत जावं लागतं. शोकात लक्षच गहाण पडलेलं असतं तर जाणार कोण. इथे यंत्राने खरंच मदत केली. फॉन्ट एवढा मोठा केला की एका ओळीत चार-पाच शब्द, समास रुंद, पानावर जेमतेम साठ-सत्तर शब्द. डोळ्यांना काही झालेलं नाही, पण पान लवकर संपतं, आणि पान संपलं की काहीतरी पूर्ण केल्यासारखं वाटतं, त्या काळात तेवढंही पुष्कळ असतं. टक्केवारीचा आकडा काढून टाका, तो छळतो, त्याऐवजी 'या प्रकरणात इतकी मिनिटं उरलीत' ते लावा. सहा मिनिटं उरलीत म्हटल्यावर बसवतं. एका कादंबरीची तीनशे पानं म्हटलं की हात गळतात.

ऑडिओबुक ज्यांना चालतं त्यांनी ब्लूटूथवाला घ्यावा, मला परक्या आवाजात झोप लागते आणि निम्मी गोष्ट निसटते, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

आणि हो, टच. हा मुद्दा ऐकून हसाल, पण बटणं असलेलाच रीडर घ्या. यातली बरीच यंत्रं आता वॉटरप्रूफ म्हणून विकतात, गोड्या पाण्यात २ मीटर खोल, ६० मिनिटं वगैरे, ते सगळं खरं असेल. पण टचस्क्रीनला बोट आणि पाण्याचा थेंब यातला फरक कळत नाही. मी कुशीवर झोपून वाचत होते, कथेत विशेष काही चाललेलं पण नव्हतं, कुणीतरी गाडीच्या किल्ल्या शोधत होतं, आणि नाकावरून ओघळून एक थेंब स्क्रीनच्या उजव्या कडेला पडला तर पान उलटलं. पुसायला गेले तर आणखी दोन पानं उलटली, मग मेनू उघडला, मग फॉन्ट बदलला. मी रडायची थांबून हसायला लागले, शेजारी झोपलेला माणूस उठलाच शेवटी. काही बटणवाल्यांत टच लॉक करता येतो, तसला बघून घ्या, थेंब पडला तर पडला, पान आपल्या जागी राहतं.

सर्च हे फीचर लोक अभ्यासाला वापरतात, मी ते टेहळणीला वापरते. कुठलंही पुस्तक सुरू करायच्या आधी आत शोधायचं, कॅन्सर, हॉस्पिटल, आयसीयू, अंत्यसंस्कार, बहीण. यंत्र सगळ्या जागा आजूबाजूच्या ओळीसकट दाखवतं. एका गाजलेल्या, 'मनाला हलकं करणारी' अशी जाहिरात केलेल्या कादंबरीत 'बहीण'चे दोनशेच्या वर निकाल आले, शेवटचे सगळे भूतकाळात, ती होती, ती म्हणायची. कळलं. बाजूला ठेवलं. शेवट आधी कळला तर मजा जाते म्हणतात, माझी उलट त्याशिवाय हिंमत होत नाही. सर्च सगळंच पकडत नाही अर्थात. लेखकाने मरण कधी 'तो फोन आला तेव्हा' एवढ्यावरच उरकलेलं असतं, तिथे कुठलाच शब्द सापडत नाही आणि तुम्ही तोंडघशी पडता.

मग वाचायचं काय? नातेवाइकांनी शोक कसा हाताळावा असली पुस्तकं पाठवली, ती वाईट नसतीलही, पण ती म्हणजे सुट्टीच्या दिवशी ऑफिसची फाइल. पुस्तकांनी इलाज करायचा ही कल्पना जुनीच, 'बिब्लिओथेरपी' हा शब्द सॅम्युअल क्रॉदर्स या माणसाने १९१६ मध्ये एका मासिकातल्या लेखात, बराचसा थट्टेत, वापरला होता, आता तो लोक फार गंभीरपणे घेतात. मला काय चाललं ते सांगते. रहस्यकथा चालल्या, एकामागून एक. ऐकायला विचित्र, मरणाने पोळलेली बाई खुनाच्या गोष्टी वाचतेय, घरच्यांनाही ते जरा चमत्कारिक वाटलं. पण नीट बघा, रहस्यकथेत मेलेल्या माणसासाठी कुणी फारसं रडत नाही. विसाव्या पानावर प्रेत सापडतं आणि लगेच प्रश्न सुरू, कुणी, कसं, कधी, आणि या प्रश्नांना उत्तरं असतात. मरणाला कारण असतं, कारणाला नाव असतं, शेवटच्या प्रकरणात ते नाव सगळ्यांसमोर घेतलं जातं. हॉस्पिटलच्या कागदावरच्या 'मल्टीऑर्गन फेल्युअर' या शब्दाने असं समाधान मिळत नाही, तो शब्द कशाचंच उत्तर नसतो. पहिलं महायुद्ध संपल्यानंतरची वीसेक वर्षं इंग्लंडात रहस्यकथेचा सुवर्णकाळ मानतात, म्हणजे ज्या घराघरातून मुलगा, भाऊ, नवरा गेला होता आणि वरून १९१८ च्या फ्लूच्या साथीने आणखी माणसं नेली होती, त्याच घरांमध्ये लोक वाड्यातल्या खुनाच्या गोष्टी वाचत होते. मला ते आता अजिबात आश्चर्याचं वाटत नाही.

आणि कथेतल्या माणसाला परतही आणता येतं हे विसरू नका. शेरलॉक होम्सला त्याच्या लेखकाने १८९३ मध्ये कड्यावरून ढकललं, वाचकांनी संताप केला, आणि १९०३ मध्ये तो मुळी मेलाच नव्हता असं सांगून परत आणला. दहा वर्षं लागली पण अर्ज मंजूर झाला. यावर मी जेवढा विचार केलाय तेवढा करू नये खरं तर.

लांबलचक मालिका पण चालल्या, बारा-पंधरा भागांच्या, जिथे जग पूर्ण वेगळं आहे, नकाशा आहे, पैसा वेगळा, देव वेगळे. फायदा हा की एक संपलं तरी पुढचं तयार असतं, शेवटाला रोज तोंड द्यावं लागत नाही. सगळ्यात जास्त चाललं ते लहानपणी वाचलेलं परत वाचणं, तिथे कुणी दबा धरून बसलेलं नसतं, कुठल्या पानावर काय आहे ते ठाऊक असतं. कौटुंबिक कादंबऱ्या अजिबात नको, कितीही विनोदी असल्या तरी. आणि परीक्षकांनी जिला 'हळुवार' म्हटलंय अशी कुठलीही गोष्ट नको, त्यात हमखास कुणीतरी गेलेलं असतं.

इथपर्यंत यंत्राचं कौतुक झालं, आता दुकान. नातेवाइकांनी सुचवलेलं ते शोकावरचं एक पुस्तक मी विकत घेतलं, वीस पानं वाचून सोडलं. त्यानंतर होमस्क्रीन उघडली की रांगेने आईचा मृत्यू, मुलाचा मृत्यू, नवऱ्याचा मृत्यू, शेवटचे शंभर दिवस. दुकानाचा समज झाला की मला मरण हा विषय आवडतो. यंत्र बंद असतानाही स्क्रीनवर जाहिरात असते, कारण स्वस्तातलं मॉडेल, आणि एका पहाटे उशाशी एका काळ्या मुखपृष्ठावर मेणबत्ती. त्यातच 'तुमची सलग वाचनाची साखळी तुटली' अशी सूचना आली, ती कुठल्या दिवशी आली ते लिहीत नाही. तर, घेतल्या घेतल्या शिफारशी बंद, वाचनाची टार्गेट आणि साखळ्या बंद, जाहिरातवालं मॉडेल असेल तर जास्तीचे पैसे भरून जाहिरात काढा, आणि 'इतरांनी अधोरेखित केलेलं' हे आधी बंद. त्या ठिपक्यांच्या रेघेखाली दरवेळी मरणावरचंच एखादं सुवाक्य असतं, हजार जणांनी खूण केलेलं, आणि तुम्ही बिचारे किल्ल्या शोधणाऱ्या माणसामागे निवांत चालला होतात.

सगळ्यात मोठा धक्का मात्र अशा फीचरचा ज्यात वाईट काहीच नाही. आमचं अकाउंट एकच होतं, ताईच्या नावावर, आणि रीडर दोन, एक तिचा एक आता माझा. एक जाडजूड रहस्यकथा उघडली, थोडी वाचली, वायफाय चुकून चालू राहिलं होतं, आणि पाटी आली की दुसऱ्या डिव्हाइसवर तुम्ही ६८ टक्क्यांपर्यंत वाचलं आहे, तिथे जायचं का. तुम्ही म्हणजे ती. खाली दोनच पर्याय, हो आणि नाही. बराच वेळ पाटी तशीच ठेवली, या स्क्रीनला धरून ठेवायला वीज लागत नाही हे तेव्हा कामी आलं. मग 'नाही' दाबलं आणि माझ्या जागेवरून वाचत राहिले. पुढे तिच्या खुणा लागायला लागल्या. सुंदर वाक्यं वगैरे काही नाही, तिने फक्त छपाईच्या चुका अधोरेखित केलेल्या, वेलांटी चुकलेली, शब्द दोनदा आलेला, आणि एका ठिकाणी नोट, 'यांच्याकडे प्रूफ बघायला कुणी आहे की नाही!!' दोन उद्गारचिन्हं. एवढी ती होती त्या नोटेत की गोष्ट काही वेळ बाजूलाच राहिली.

आता यातली तांत्रिक बाब, जी कुणी सांगत नाही. तुम्ही त्या टक्क्याच्या पुढे गेलात की यंत्राच्या हिशेबी सर्वात पुढचं पान तुमचं होतं, ती पाटी परत येत नाही, ताईचं पान कुठलं होतं याची नोंद सिंक, म्हणजे दोन्ही रीडर एकमेकांशी जुळवून ठेवणारी सोय, पुसून टाकतं. म्हणून पुढे जायच्या आधी तिच्या रीडरवर वायफाय बंद केलं, तो तसाच ठेवला, आणि खुणा-नोटा सगळ्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काढून दोन ठिकाणी ठेवल्या. बहुतेक रीडरवर हे केबल लावून होतं. घरात असं अकाउंट असेल तर हे आधी करा, कादंबरी नंतर. रहस्यकथा मी पूर्ण वाचली. खुनी डॉक्टर निघाला, ताईने चाळीस टक्क्यांवरच ओळखलं असतं.

अकाउंटचं काय करायचं हा वेगळा ताप. ई-पुस्तक आपण विकत घेतो असं वाटतं, पण अटींमध्ये बघा, बहुतेक दुकानं वाचायचा परवाना देतात, तो त्या माणसापुरता, वारसाला देता येत नाही. पुस्तकं परत काढून घेतल्याचं उदाहरण पण आहे, २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या भानगडीत लोकांच्या किंडलवरून दोन पुस्तकं परस्पर उडवली होती, नंतर माफी मागितली. आणि फेब्रुवारी २०२५ पासून त्यांनी कॉम्प्युटरवर पुस्तक उतरवून केबलने घालायची सोय पण काढली. माझ्या रीडरच्या कंपनीला चॅटवर विचारलं की खातेदार वारलेत, पुस्तकं ठेवता येतील का, तर तिकडून अटींची लिंक आली आणि खाली 'आपला दिवस आनंदात जावो'. मी पुढे काही लिहिलं नाही. सध्या अकाउंट तसंच चालू आहे. नवीन पुस्तकं मात्र आता जिथे कॉपीचं कुलूप नसलेली ईपब फाइल (ई-पुस्तकांचा एक सर्रास प्रकार) मिळते तिथूनच घेते, ती बहुतेक रीडरवर चालते आणि कुणाला विचारावं लागत नाही. देवनागरीत वाचणाऱ्यांनी घेण्याआधी एक पान उघडून बघा, काही जुन्या मॉडेलवर जोडाक्षरं मोडकी दिसतात, आणि स्कॅन केलेली पीडीएफ तर सहा इंचावर वाचायचा प्रयत्नच करू नका.

कुणी घेऊ नये? ज्याची ये-जा थांबलीये त्याने. म्हणजे पुस्तक मिटवत नाही, माणसांना भेटत नाही, जेवणखाण सुटलंय, किंवा वाचूनही काही फरक नाही आणि महिनेच्या महिने तीच तीव्र ओढ, तेच जगणं अशक्य वाटणं. याला आता वैद्यकीय नाव आहे, लांबलेला शोक, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत सहा महिन्यांचा उंबरठा धरलाय आणि अमेरिकन मानसोपचारवाल्यांनी २०२२ च्या यादीत मोठ्या माणसांसाठी वर्षभराचा. त्याला उपचार आहेत, तिथे डॉक्टरकडे जा, गॅजेटचे रिव्ह्यू वाचत बसू नका. आणि कुणाला शोकात भेट म्हणून द्यायचा असेल तर सेटिंग्ज स्वतः बसून बंद करून द्या, वर सांगितलेल्या सगळ्या, त्यात दहा-बारा पुस्तकं भरून द्या, पण 'हे वाच, बरं वाटेल' असं चिठ्ठीत लिहू नका.

स्टार द्यायचेच तर यंत्राला साडेचार, दुकानाला दीड. यंत्राचा अर्धा कापला तो टचसाठी. कव्हर चुंबकवालंच घ्या, मिटलं की स्क्रीन झोपते, नाहीतर वाचता वाचता डोळा लागला की अंगाखाली पानं उलटत राहतात आणि सकाळी बघावं तर खुनी पकडला गेलेला असतो.